डुअल बूटमध्ये विंडोज किंवा लिनक्स दिसेनासे झाले? फॉरमॅट करण्याआधी हे तपासा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट थांबवला. विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू किंवा मिंट वापरून पाहायचे, पण विंडोजही ठेवायचे, तर डुअल बूट हा मार्ग आहे. यात एकाच डिस्कवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम असतात आणि लॅपटॉप सुरू करताना हवी ती निवडता येते.

अडचण येते ती नंतर. निवडीचा मेनू गायब होतो, एखादा ड्राइव्ह उघडत नाही किंवा डिस्क फॉरमॅट करण्याची सूचना येते. अशा बहुतेक प्रसंगांत डेटा जागेवरच असतो. तो जातो घाईत केलेल्या फॉरमॅटमुळे.

पार्टिशन टेबल म्हणजे काय?

पार्टिशन टेबल म्हणजे डिस्कचा सातबाराच. कोणता भाग कुठून कुठपर्यंत आणि कशासाठी आहे, याची नोंद त्यात असते. नोंद बिघडली म्हणून जमीन नाहीशी होत नाही, तसेच इथेही आहे.

ही नोंद दोन पद्धतींची असते. जुन्या एमबीआर पद्धतीत चारच प्रायमरी पार्टिशन करता येतात आणि साधारण २ टीबीपर्यंतचीच जागा वापरता येते. नव्या जीपीटी पद्धतीत विंडोज १२८ पार्टिशनपर्यंत परवानगी देते. जीपीटी डिस्कवर एक छोटे ईएफआय पार्टिशनही असते. विंडोज ते बहुधा १०० एमबीचे करते. दोन्ही सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइल त्यातच असतात. आकार लहान आहे म्हणून ते निरुपयोगी समजून डिलीट केले, तर दोन्ही सिस्टिम बंद पडतात.

१. विंडोज म्हणते, ‘डिस्क फॉरमॅट करा’

लिनक्स बहुधा एक्स्ट४ ही फाइल सिस्टिम वापरते आणि विंडोजला ती स्वतःहून वाचता येत नाही. त्यामुळे काही वेळा लिनक्सच्या पार्टिशनला ड्राइव्हचे अक्षर मिळते आणि ते उघडताच फॉरमॅटची विचारणा होते. इथे ‘कॅन्सल’ दाबा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या पार्टिशनचे फक्त अक्षर काढून टाका, पार्टिशन डिलीट करू नका. तिथे फाइल सिस्टिमचे नाव दिसले नाही, तरी त्याचा अर्थ पार्टिशन रिकामे आहे असा होत नाही.

२. मेनू न येता थेट विंडोज सुरू होते

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर बूटचा क्रम बदललेला असू शकतो. लॅपटॉप सुरू होताना एफ२, एफ१२ किंवा कंपनीने दिलेली कळ दाबून यूईएफआय सेटिंगमध्ये जा आणि यादीत उबुंटू पहिल्या क्रमांकावर आणा. यादीत ते नसेल, तर लिनक्सच्या लाइव्ह यूएसबीवरून बूट-रिपेअर हे मोफत साधन चालवता येते.

ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या सुरक्षा अपडेटनंतर अनेकांचे लिनक्स सुरू होईना. तेव्हाही पार्टिशन शाबूत होती. सिक्युअर बूटच्या नव्या नियमात जुना बूटलोडर अडवला गेला होता.

३. मेनूत विंडोज दिसत नाही

लिनक्सचा मेनू दाखवणाऱ्या ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून दुसरी सिस्टिम शोधणारी ओएस-प्रोबर ही सोय मुळात बंद ठेवलेली आहे. ती सुरू करून ग्रब अपडेट केले की विंडोज पुन्हा दिसते. तरीही दिसले नाही, तर एक सिस्टिम यूईएफआय आणि दुसरी लेगसी मोडमध्ये टाकली गेली आहे का, ते पाहा.

४. लिनक्समध्ये विंडोजचा ड्राइव्ह उघडत नाही

याचे नेहमीचे कारण म्हणजे फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून आलेल्या या सोयीमुळे शट डाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेले असते. मग लिनक्स तो ड्राइव्ह उघडत नाही किंवा फक्त वाचू देते. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. तात्पुरता उपाय हवा असेल, तर शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा. लिनक्समधून जबरदस्तीने लिहायला गेल्यास फाइल खराब होऊ शकतात.

५. लिनक्स डिलीट केले आणि काळा पडदा आला

ग्रबच्या फाइलचा मोठा भाग लिनक्सच्या पार्टिशनमध्ये असतो. ते विंडोजमधून डिलीट केले की पुढच्या वेळी ‘ग्रब’ एवढाच शब्द दिसतो. यूईएफआय लॅपटॉपवर बूट मेनूतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडले की विंडोज सुरू होते. मग बूटच्या क्रमातही तेच पहिले ठेवा.

६. लिनक्स टाकताना डिस्कच दिसत नाही

अशा वेळी डिस्क बिघडलेली नसते. इंटेलचा आरएसटी किंवा व्हीएमडी मोड सुरू असू शकतो. तो बदलून एएचसीआय केल्यावर लिनक्सला डिस्क दिसते. पण विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी तयारी आधी केली नाही, तर विंडोज अडकू शकते.

पार्टिशन खरोखरच डिलीट झाले तर?

त्या डिस्कवर काहीही नवीन लिहू नका. लाइव्ह यूएसबीवरून टेस्टडिस्क हे मोफत साधन चालवा. हरवलेली पार्टिशन शोधून ते नोंद परत लिहू शकते. एसएसडीवर मात्र रिकामी ठरलेली जागा ट्रिम या प्रक्रियेत पुसली जाते, म्हणून तिथे वेळ दवडणे महागात पडते. डेटा महत्त्वाचा असेल, तर स्वतः प्रयोग न करता डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे जावे.

डुअल बूट करण्याआधी

• महत्त्वाच्या फाइलचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या. त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवरची प्रत म्हणजे बॅकअप नव्हे.
• बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा. सिक्युअर बूट किंवा बूटचे इतर सेटिंग बदलल्यावर विंडोज ती मागू शकते.
• विंडोजचे पार्टिशन लहान करायचे असेल, तर ते विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून करा.
• लिनक्सची लाइव्ह यूएसबी आणि विंडोजची रिकव्हरी यूएसबी, दोन्ही तयार ठेवा.
• डिस्क मॅनेजमेंटमधील पार्टिशनच्या यादीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काही बिघडले, तर कोणते पार्टिशन कशाचे होते हे त्यावरून कळते.