विटाळ कोणाच्या हाताला? परिचर्येचे ज्ञान आणि आमचा निर्णयाचा हक्क

चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर अमडापूर लागते. बाहेरचे लोक या गावाला बल्लाळदेवीचे गाव म्हणून ओळखतात. आमच्या मनात मात्र ते एका वेगळ्याच प्रसंगाने रुतून बसले आहे. वस्तीतल्या एका बाईने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले दवाखान्याचे कागद आमच्यापुढे ठेवले आणि विचारले, "पाहा बरं भाऊ, माहं काय काढलं ते याच्यात लिहेल हाय का?"

ऑपरेशनला दोन वर्षे होऊन गेली होती. 'पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर होईल,' एवढेच तिला सांगण्यात आले होते. कागदावर इंग्रजीत गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशयेही काढल्याची नोंद होती. संमतीच्या कागदावर तिचा अंगठा होता. दवाखाना कोणता, डॉक्टर कोण, हा आजचा विषय नाही. आम्हाला खटकली ती दुसरीच गोष्ट. ती बाई तिथे चार दिवस होती. नर्स येत होती, सलाईन बदलत होती, टाके पाहत होती. काय काढले आहे हे त्या नर्सला माहीत होते. मग तिने का सांगितले नाही? ती वाईट होती म्हणून? आम्हाला तसे वाटत नाही. ते आपले काम आहे असे तिला कधी कोणी शिकवले नव्हते, आणि सांगितले असते तर वरून बोलणी बसली असती.

रुग्णाला हात लावणारा एक, समजावून सांगणारा दुसरा आणि निर्णय घेणारा तिसराच, ही वाटणी आली कुठून? आमचे म्हणणे असे आहे की ती वैद्यकशास्त्रातून आलेली नाही. ती जातीतून आली आहे.

जिथे ही वाटणी नव्हती, तिथून सुरुवात करू. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आपल्याच मलमूत्रात पडला होता. इतर भिक्खूंनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती, कारण त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता. तथागत आनंदासोबत तिथे आले. आनंदाने पाणी आणले, तथागतांनी पाणी घातले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला बिछान्यावर ठेवले. ही गोष्ट आपण व्याख्यानांत पुष्कळदा ऐकतो, पण बहुतेक वक्ते इथेच थांबतात. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. तथागतांनी तिथे चांगल्या शुश्रूषकाची पाच लक्षणे सांगितली. त्याला औषध तयार करता आले पाहिजे. रुग्णाला काय मानवते, काय मानवत नाही, हे त्याला कळले पाहिजे. त्याने लाभासाठी नव्हे, मैत्रीभावाने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना त्याला किळस वाटू नये. आणि वेळोवेळी रुग्णाशी धम्माचे बोलून त्याला समज आणि धीर देता आला पाहिजे.

नीट पाहा. मल काढणारा हात आणि समजावणारे तोंड इथे एकाच माणसाचे आहे. रुग्णाचीही लक्षणे सांगितली आहेत, आणि त्यांत एक असे की आजार वाढला, कमी झाला की तसाच आहे, हे त्याने शुश्रूषकाला खरेखुरे सांगावे. म्हणजे बोलणे दोन्ही बाजूंनी आहे. आज नर्सिंगच्या कॉलेजात 'रुग्णशिक्षण' या नावाने जे शिकवतात, त्याचा गाभा इथे आहे.

आता याच्या शेजारी मनुस्मृती ठेवा. तिच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंगतीला बसू नये अशांच्या यादीत वैद्य आहे. चौथ्या अध्यायात वैद्याचे अन्न म्हणजे पू असे म्हटले आहे. जो रोग्याच्या रक्ता-पुवाला हात लावतो, तो बाटलेला. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी जो ग्रंथ जाळला, त्यात आपल्याला पाणी नाकारणारे तर होतेच, पण माणसाची शुश्रूषा करणाऱ्याला पंगतीतून उठवणारेही होते. देहाला स्पर्श करणारे काम हीन ठरले, की ते हीन ठरवलेल्यांच्याच माथी येणार.

आमच्या वऱ्हाडात ते कोणाच्या माथी आले? १९१६ साली रसेल या इंग्रज अधिकाऱ्याने मध्य प्रांतातील जाती-जमातींवर मोठा ग्रंथ छापला. त्यात मांग जातीची ओळख करून देताना पहिल्याच वाक्यात त्याने लिहिले आहे की या जातीच्या स्त्रिया सुईणपण करतात. मातंग माउलीचे हे काम कागदावर असे अर्ध्या ओळीत उरकले आहे. प्रत्यक्षात अडलेली बाई मोकळी करणे, आडवे मूल ओळखणे, वार पडली की नाही हे पाहणे, नाळ कापणे, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणे, ही सगळी विद्या तिच्या बोटांत होती. रात्री-अपरात्री पाटलाच्या वाड्यातून बोलावणे यायचे. वाड्याच्या आतल्या खोलीत, जिथे एरवी तिची सावलीही चालत नसे, तिथे त्या रात्री तिचा हात चालत असे. मूल जन्मले, न्हाणे-धुणे आटोपले की तिला सूपभर धान्य आणि जुने लुगडे मिळे, आणि ती बसली होती ती जागा सारवून घेतली जाई.

वाड्यातल्या बाईने तिला कधी काही विचारले असेल का? दोन मुलांत अंतर किती ठेवावे, अंगावरचे जाते त्याला काय करावे? विचारले असेल, कुजबुजत. पण ते 'ज्ञान' म्हणून कोणी मोजले नाही. ज्ञान पोथीत होते आणि पोथी दुसऱ्याच्या घरात होती.

इथे आम्ही भाबडेपणा करणार नाही. सुईणीचे सगळेच बरोबर होते असे म्हणणे म्हणजे इतिहासाशी खोटे बोलणे. विळ्याने किंवा दगडाने कापलेली नाळ, तिच्यावर लावलेली राख नाहीतर शेण, यातून धनुर्वात होऊन किती बाळे गेली, त्याचा हिशेब नाही. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये महारवाड्यातल्या बाळंतपणाचे जे वर्णन आहे, ते वाचताना पोटात गोळा येतो: उपाशी पोट, चिंध्या, अडाणी हात. भारतातून माता आणि नवजातांचा धनुर्वात हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मान्य केले. त्यामागे लस आहे, दवाखान्यातले बाळंतपण आहे, आणि स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा, साबणाने धुतलेले हात हे साधे शिक्षण आहे.

पण घाण हात म्हणजे कोणाचा हात, हेही विचारले पाहिजे. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी बाळंतपण करत, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात बायका तापाने कितीतरी जास्त मरत होत्या. सेमेलवाइस या डॉक्टरने कारण शोधले. हे लोक प्रेतांची चिरफाड करून तसेच बाळंतिणीकडे येत होते. त्याने क्लोरीनच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने उतरले. त्याच्याच व्यवसायातल्या बड्यांनी त्याचे ऐकले नाही. सभ्य माणसाचा हात घाण असूच कसा शकतो? आमच्याकडे याच भ्रमाला दोन हजार वर्षांचे शास्त्र मिळाले होते. विटाळ जात पाहतो, जंतू जात पाहत नाही. ज्या गावाने सुईणीची जागा सारवली, त्याच गावाने तिला साबण दिला नाही.

हात आणि तोंड पुन्हा एकत्र आणण्याचे काम आधुनिक महाराष्ट्रात पहिल्यांदा फुले दांपत्याने केले. १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवा तिथे बाळंत होत आणि सावित्रीमाई त्यांची शुश्रूषा करीत. हा उलटा प्रवाह पाहण्यासारखा आहे. याच गृहात जन्मलेला यशवंत पुढे दत्तक मुलगा झाला, डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ त्याच्या दवाखान्यात सावित्रीमाई रुग्णांना आणत होत्या. त्याच काळात सरकारही प्लेगशी लढत होते. साथरोग कायदा फेब्रुवारी १८९७ मध्ये झाला आणि रँडच्या कारकिर्दीत सोल्जर घरात घुसून रोगी ओढून नेऊ लागले. लोकांना कोणी काही समजावले नाही, म्हणून लोक रोगी लपवू लागले. दुसरीकडे एक साठी ओलांडलेली बाई मुंढव्याच्या महारवाड्यातून पांडुरंग बाबाजी गायकवाडच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आली. मुलगा वाचला. सावित्रीमाई १० मार्च १८९७ ला प्लेगनेच गेल्या. आपण त्यांना शिक्षिका म्हणतो, ते खरेच आहे. पण त्यांच्या आयुष्याचा शेवट परिचारिका म्हणून झाला, हे आपल्या फलकांवर क्वचितच येते.

बाबासाहेबांनी हा प्रश्न कायद्याच्या भाषेत आणला. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे असे मांडले. दुसऱ्या वर्षी कायदा झाला. त्याहून धाडसाचे पाऊल १९३८ चे. त्या वर्षी १० नोव्हेंबरला संततिनियमनाचा ठराव विधानसभेत आला आणि बाबासाहेबांच्या गैरहजेरीत त्यांचे भाषण पी. जे. रोहम यांनी मांडले. त्यातला मुद्दा असा की, कोणत्याही कारणाने मूल नको असेल तर गर्भधारणा टाळण्याचे साधन स्त्रीच्या हाती असले पाहिजे आणि मूल होऊ देणे न देणे पूर्णपणे तिच्या मर्जीवर असावे. ठराव पडला. आज आपल्या किती कार्यकर्त्यांच्या घरात ही मर्जी विचारली जाते? पाळणा लांबवायचा की ऑपरेशन करायचे, हे सासू आणि नवरा ठरवतात. त्यातले काही नवरे जयंतीला स्टेजवर असतात.

बाबासाहेबांनी मागितले होते ते स्त्रीच्या हातातले साधन. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारने दिले ते नसबंदीचे उद्दिष्ट. आणीबाणीत, १९७६ साली, सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत करणारे पहिले राज्य महाराष्ट्र होते. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही. पण गरिबाच्या देहावरचा निर्णय वर कोणीतरी घ्यायचा असतो, ही सवय गेली नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांची सरकारी पाहणी झाली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. त्यांत कितीतरी जणी चाळिशीच्याही आतल्या होत्या. पांढरे जाते, पाळीत खाडा होतो, मुकादम दंड लावतो, आणि डॉक्टर म्हणतो कॅन्सर होईल. तपासणी कोणती केली, गोळ्यांनी बरे होण्यासारखे होते का, काढल्यावर पुढे काय होते, हे सांगायला मधे कोणीच नव्हते.

वस्तीत आरोग्यसेवा पोहोचते तरी कशी? ११ राज्यांतल्या ५६५ गावांच्या पाहणीवर आधारित 'ग्रामीण भारतातील अस्पृश्यता' हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे एक तृतीयांश गावांत आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी यायला तयार नसल्याचे आढळले. जी बाई घरात पाऊल टाकत नाही, ती समजावणार काय?

उलटे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. गावातल्याच स्त्रिया निवडल्या, त्यांत अनेक दलित, बहुतेक निरक्षर. त्यांना बाळंतपण, मुलांचे वजन, जुलाबाला मीठ-साखरेचे पाणी, कुष्ठरोग, क्षय हे सगळे शिकवले आणि तुम्ही दुसऱ्यांना शिकवा असे सांगितले. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्यांचा सल्ला घ्यायला हळूहळू सवर्णांची घरे येऊ लागली. तिथे सुईणीच्या हाताला तोंड मिळाले होते.

आता आपल्या मुलींकडे येऊ. आरक्षण आणि शिष्यवृत्तीच्या बळावर आपल्या शेकडो मुली एएनएम, जीएनएम, बीएस्सी नर्सिंग करत आहेत. आजीने सूपभर धान्यावर केलेले काम नात पगारावर करते, हा बदल लहान नाही. पण आपण त्यांच्याकडे फक्त नोकरी म्हणून पाहतो. त्यांच्याजवळ असलेली माहिती समाजाची शिदोरी आहे हे आपल्या लक्षात येत नाही.

सिकलसेलचेच घ्या. विदर्भात, विशेषतः पूर्वेकडे, आदिवासींमध्ये आणि आपल्या समाजात हा आजार आढळतो. याला कुळाचा दोष म्हणणारे मूर्ख आहेत. जिथे मलेरिया होता तिथे हा जनुक टिकला, एवढेच. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. हे वाक्य नर्स नीट समजावते तेव्हा ती हेही सांगते की वाहक म्हणजे आजारी नव्हे, तपासणी मुलाचीही व्हायला हवी, गर्भाची तपासणी करता येते, आणि रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, थंडी टाळावी, ताप आला तर घरी थांबू नये. पुढे लग्न करायचे की नाही, हे त्या दोघांनी ठरवायचे. ती शिकवते, ठरवत नाही. अर्धवट माहितीवर मात्र मुलीचेच लग्न मोडते, मुलाचे कार्ड कोणी मागत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सज्ञान रुग्णाची संमती तिची स्वतःचीच हवी, तपासणीपुरती दिलेली संमती गर्भाशय काढायला चालत नाही, आणि उपचाराचे स्वरूप, फायदे, धोके व पर्याय सांगितल्याशिवाय संमतीला अर्थ नाही. त्या खटल्यात रुग्ण बेशुद्ध असताना तिच्या आईची सही घेतली होती. ती सहीही न्यायालयाने मानली नाही. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खाजगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. पुढच्या वेळी गेलात तर ती भिंतीवर शोधा, आणि कागदांची प्रत मागा.

अमडापूरच्या त्या बाईचे कागद आम्ही वस्तीतल्याच जीएनएम झालेल्या एका मुलीला दाखवले. तिने खाली बसून, चित्र काढून सांगितले: गर्भाशय इथे, अंडाशये इथे, तुमची दोन्ही काढली आहेत. अंगातून वाफा निघतात आणि हाडे दुखतात ते म्हणूनच. हाडांची तपासणी आणि गोळ्यांबद्दल सरकारी दवाखान्यात काय विचारायचे, ते तिने मराठीत लिहून दिले. बाईला वाचता येत नव्हते, म्हणून तो कागद तिच्या सुनेने मोठ्याने वाचला. तेव्हापासून काही रविवारी विहारात वंदना झाल्यावर लोक आपापल्या फायली घेऊन बसतात. बायका जास्त येतात. पुरुष आपली शुगरची फाईल बायकोच्या हाती पाठवतात.