कललेले स्टिरिओ ध्वनिमुद्रण मध्यावर आणताना

मैफलीचे ध्वनिमुद्रण लावल्यावर गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या मधोमध ऐकू यावा, अशी श्रोत्याची अपेक्षा असते. अनेक घरगुती व खासगी ध्वनिमुद्रणांत मात्र तो एका बाजूला सरकलेला आढळतो. एक स्पीकर भरभरून वाजतो, दुसरा जवळजवळ मुका राहतो आणि हेडफोनवर ऐकताना कान लवकर शिणतात. हा कल काढण्यासाठी संगणकावर 'प्लग-इन' वापरले जातात. प्लग-इन म्हणजे ध्वनिसंपादनाच्या मुख्य प्रणालीला जोडून चालणारी छोटी आज्ञावली. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी हा आराखडा आणल्यानंतर असे प्लग-इन घरच्या संगणकावरही सहज चालू लागले. परंतु कल कशामुळे आला, हे ओळखल्याशिवाय यांपैकी कोणतेही साधन उपयोगी पडत नाही.

मध्य हा एक आभास

दोन स्पीकरच्या मधोमध प्रत्यक्षात काहीच नसते. एकच ध्वनी दोन्ही बाजूंनी सारख्या पातळीने व एकाच क्षणी आला, तर तो समोरून येत असल्याचे मेंदूला भासते. एका बाजूची पातळी वाढली किंवा ती बाजू किंचित आधी वाजली, तर ही ध्वनिप्रतिमा तिकडे सरकते. सुमारे १५ ते १८ डेसिबलचा फरक किंवा १ ते १.५ मिलिसेकंदाचे अंतर ही प्रतिमा पूर्णपणे एका स्पीकरवर नेण्यास पुरेसे ठरते.

या तत्त्वाचा तांत्रिक पाया ब्रिटिश अभियंता अॅलन ब्लमलाइन यांनी घातला. डिसेंबर १९३१ मध्ये त्यांनी अर्ज केलेल्या ३९४३२५ क्रमांकाच्या पेटंटमध्ये एकाच जागी कोनात ठेवलेल्या दोन मायक्रोफोनची पद्धत होती. डाव्या-उजव्या चॅनेलची बेरीज व वजाबाकी करून ध्वनिप्रतिमेत बदल घडवण्याची युक्तीही त्यात होती. जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत त्यांनी थॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण केले. बेरीज म्हणजे 'मध्य' आणि वजाबाकी म्हणजे 'बाजू', ही त्यांची विभागणी आजच्या अनेक प्लग-इनमध्ये जशीच्या तशी वापरली जाते.

दोष तीन प्रकारचे

पहिला दोष पातळीचा. ध्वनिमुद्रणाच्या वेळी एका चॅनेलची पातळी कमी ठेवली गेली, की संपूर्ण चित्र एका बाजूला झुकते. येथे त्या चॅनेलची पातळी वाढवणे किंवा दुसऱ्याची कमी करणे पुरते. फ्लक्स कंपनीचे 'स्टिरिओ टूल' हे मोफत प्लग-इन दोन्ही चॅनेलची पातळी व स्थान स्वतंत्रपणे बदलू देते. मोफत मिळणाऱ्या 'ऑडॅसिटी' या प्रणालीतही हे काम होते.

दुसरा दोष दिशेचा. एकाच जागी बसवलेली मायक्रोफोनची जोडी मंचाच्या मध्याकडे रोखलेली नसेल, तर सारा मंच फिरल्यासारखा ऐकू येतो. येथे केवळ पातळी बदलली, तर मध्य सापडतो, पण कडेची वाद्ये आपापल्या जागी येत नाहीत. त्यासाठी संपूर्ण प्रतिमा ठरावीक अंशांनी फिरवणारे 'रोटेशन' लागते. वेव्हज कंपनीच्या 'एस १' या प्लग-इनमध्ये ही सोय आहे. मात्र फार फिरवल्यास कडेच्या वाद्याचा काही अंश दुसऱ्या चॅनेलमध्ये उलट्या फेजने उतरतो.

तिसरा दोष काळाचा आणि तोच सर्वांत अवघड. मायक्रोफोन एकमेकांपासून दूर असतील आणि गायक त्यांपैकी एकाच्या जवळ असेल, तर आवाज एका चॅनेलमध्ये आधी पोहोचतो. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. सीडीच्या मापात, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने, हे अंतर सुमारे ४४ नमुन्यांचे होते. आधीच्या चॅनेलला तेवढा विलंब दिला, की प्रतिमा मध्याकडे येते. परंतु गायक, तबला व हार्मोनियम यांची मायक्रोफोनपासूनची अंतरे वेगवेगळी असतात. त्यामुळे गायकासाठी दिलेला विलंब तबल्याला चुकीचा ठरू शकतो.

कॅसेटमध्ये टेपवर टेकणारे हेड तिरके झाल्यानेही दोन चॅनेलमध्ये सूक्ष्म कालभेद पडतो. आयझोटोपच्या 'आरएक्स' संचातील 'अझिमथ' हे साधन अशा टेपसाठीच आहे. मात्र तिरक्या हेडमुळे हरवलेले उंच स्वर त्यातून परत मिळत नाहीत. म्हणून टेप संगणकावर उतरवण्यापूर्वीच हेड सरळ करून घेणे श्रेयस्कर.

ओळखण्याची सोपी कसोटी

डाव्या-उजव्या चॅनेलचे मीटर सारखे केले, की काम झाले, हा समज चुकीचा आहे. एका बाजूला तबला मुळातच जोरात असेल, तर मीटर सारखे करण्याच्या नादात गायकच मध्यावरून ढळतो. आधार धरावा तो ज्याची जागा निश्चित ठाऊक आहे, अशा आवाजाचा.

त्यासाठी दोन चॅनेलची केवळ वजाबाकी ऐकावी. व्होक्सेंगोचे 'एमएसईडी' हे मोफत प्लग-इन ही सोय देते. एका चॅनेलची पातळी हळूहळू बदलत गेल्यास एका बिंदूवर गायकाचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. दोष पातळीचा किंवा दिशेचा असल्याची ही खूण होय आणि गायकापुरता मध्यही तेथेच असतो. कोणत्याही पातळीवर आवाज पुरेसा मावळत नसेल, तर बहुधा कालभेद आहे. मग थोडा थोडा विलंब देऊन हीच कसोटी पुन्हा घ्यावी. याउलट, दोन्ही चॅनेल मिळवून एकत्र ऐकताना आवाज पोकळ होत असेल किंवा हरवत असेल, तर एका चॅनेलची जोडणी उलटी असण्याची शक्यता आधी तपासावी. शेवटी दुरुस्त प्रत स्पीकरवर, हेडफोनवर आणि मोनोमध्येही ऐकून पाहावी. एक मिलिसेकंदाचा कालभेद शिल्लक राहिल्यास मोनोमध्ये ५०० हर्ट्झ, १५०० हर्ट्झ अशा ठिकाणी स्वर एकमेकांना खोडतात.

मूळ प्रत जपावी

एका बाजूला असलेला प्रत्येक आवाज हा दोष नसतो. बीटल्सच्या १९६३ मधील 'प्लीज प्लीज मी' या तबकडीच्या स्टिरिओ आवृत्तीत वाद्ये मुख्यतः एका बाजूला व गायन दुसऱ्या बाजूला आहे. दोन ट्रॅकवर केलेल्या ध्वनिमुद्रणाची ती खूण आहे. तिची 'दुरुस्ती' म्हणजे इतिहासच पुसणे.

म्हणूनच ध्वनिसंग्रहालयांच्या 'आयएएसए' या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे मूळ ध्वनी कोणताही फेरफार न करता, किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट दर्जाने जतन करण्यास सांगतात. दुरुस्ती नेहमी तिच्या नकलेवर करावी आणि कोणत्या चॅनेलला किती डेसिबल, किती विलंब दिला, याची नोंद सोबत ठेवावी. टेप कालांतराने झिजते, खराब होते. त्यानंतर त्या मैफलीचा उरलेला पुरावा म्हणजे ही अस्पर्शित मूळ प्रतच असते. उद्या अधिक चांगली साधने आली, तर दुरुस्ती नव्याने करता येईल, पण मूळ प्रत नव्याने मिळणार नाही.