गिरणीचं यंत्र आणि पोरांचा मोबाईल

परवा रात्री साडेअकराला पाणी प्यायला उठलो तर माजघरात निळा उजेड. पुतणी पांघरुणात मोबाईल घेऊन. आठवीत आहे. मी आवाज चढवला. ती रडवेली होऊन म्हणाली, "काका, मी एकच लावला होता. पुढचे आपोआप लागतात."

सकाळी शांतपणे विचारलं, खातं कसं उघडलंस? म्हणाली, "जन्मसाल विचारतात. मी २००५ टाकलं. वर्गात सगळेच टाकतात."

यावर काय बोलणार? आमच्या घरात वय वाढवून सांगण्याची ही पहिली वेळ नाही. माझे पणजोबा १९०५ च्या सुमारास बोर्ली पंचतनहून मुंबईला गिरणीत गेले. आपला हा भाग तेव्हा जंजिरा संस्थानात होता. आजी सांगायची, पोराला घरूनच पढवून पाठवलं होतं, साहेबाने वय विचारलं की चौदा सांगायचं. खरं वय अकरा-बारा असेल. चौदाच का, हे मला पुढे कायदा वाचल्यावर कळलं. चौदाच्या आतल्या पोराला सात तासांपेक्षा जास्त राबवता येत नव्हतं. चौदा सांगितलं की मोठ्या माणसाची हजेरी आणि मोठ्या माणसाचा पगार.

हा कायदा कसा आला ते थोडं सांगतो, कारण आज मोबाईलवरून जो वाद चाललाय तो आपण एकदा घालून झालेला आहे.

मुंबईत कापडगिरण्या वाढल्या तशी त्यांत लहान मुलंही राबायला लागली. १८७५ मध्ये सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमलं. सोराबजी शापुरजी बंगाली यांनी कायद्यासाठी पाठपुरावा केला. १८८१ मध्ये देशातला पहिला फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायचं नाही, सात ते बारा वयाच्या मुलाला नऊ तासांपेक्षा जास्त नाही, महिन्याला चार सुट्ट्या. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा एवढंही नव्हतं.

त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं. धोकादायक यंत्राला कुंपण घालायचं. पट्ट्यात पोराचा हात गेला तर "लक्ष कुठे होतं तुझं?" असं पोराला विचारणं सोपं असतं. कायद्याने पहिल्यांदा मालकाला विचारलं, की यंत्र उघडं का ठेवलंस?

विरोध जोरात झाला. पोरांची कमाई बंद झाली तर घरं उपाशी राहतील, आईबाप स्वतःच पाठवतात तर सरकार मध्ये कशाला, धंदा बुडेल, असं सगळं बोललं गेलं. आणि हे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचं कारस्थान आहे, असंही. त्यात तथ्य होतंच. लँकेशायरला मुंबईच्या पोरांचा कळवळा नव्हता, मुंबईच्या स्वस्त कापडाची भीती होती. आपल्याकडच्या बऱ्याच देशी वृत्तपत्रांनी याच कारणाने कायद्याला विरोध केला. पत्रकार म्हणून हे लिहिताना बरं वाटत नाही, पण ते खरं आहे. परक्याचा हेतू वाईट म्हणून आपल्या पोराचा हात पट्ट्यात राहू द्यायचा का, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

त्या थोड्यांत एक पत्रकारच होता. 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे. त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, हजारो सह्यांचे अर्ज केले. २४ एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजारांच्या आसपास कामगार जमले होते. त्याच वर्षी जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्यात किमान वय नऊ झालं आणि १९२२ च्या कायद्यात बारा. सातावरून बारावर यायला एक्केचाळीस वर्षं लागली. मधल्या काळात खोटी वयं, आणि एकाच दिवशी दोन गिरण्यांत वेगवेगळ्या नावांनी राबणारी पोरं, हे सगळं झालं. नुसतं वय विचारून पोर सुरक्षित होत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

आता मोबाईलकडे या. पोरांच्या हातात तो आपणच दिला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरची वाडी आडवी केली, वीज कित्येक दिवस नव्हती. शाळा बंदच होत्या. वीज आणि रेंज आली तसा अभ्यास मोबाईलवर आला. पुतणी तेव्हा तिसरीत. दुसरा इलाज नव्हता, त्यामुळे त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही.

पण त्या मोबाईलमधलं यंत्र उघडं होतं. एक संपला की दुसरा आपोआप लागणारा व्हिडिओ. तळ नसलेलं पान, बोट फिरवत जा, संपतच नाही. ही युक्ती २००६ मध्ये अझा रास्किन या डिझायनरने काढली आणि पुढे त्यानेच जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. रात्री-बेरात्री वाजणाऱ्या सूचना. यातलं काहीच चुकून झालेलं नाही. माणूस जास्त वेळ थांबावा म्हणून कुणीतरी बसून हे बनवलंय. समोर पोर आहे की बाप्या, यंत्राला फरक पडत नाही.

कुंपण घालता येतं याचा पुरावाही आहे. ब्रिटनने मुलांसाठीच्या डिझाइनची पंधरा मानकं असलेली संहिता केली आणि कंपन्यांना २ सप्टेंबर २०२१ पर्यंत मुदत दिली. मुलाच्या खात्याची गोपनीयता सुरुवातीपासूनच कडक हवी, तो कुठे आहे हे सांगणारी सोय बंद हवी. मुदत जवळ आली तसं यूट्यूबने अठराखालच्यांसाठी आपोआप लागणारा व्हिडिओ मुळात बंद ठेवायचं जाहीर केलं. टिकटॉकने लहान मुलांच्या रात्रीच्या सूचना थांबवल्या. म्हणजे बटण होतंच, फक्त दाबायला कायदा लागला.

आपल्याकडे सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने वेगळी वाट काढली. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाईल बंद. पोरं अभ्यासाला बसतात. माझ्या पणजोबाला भोंगा यंत्राकडे बोलवायचा, वडगावचा भोंगा यंत्रापासून सोडवतो. मला हे गाव फार आवडतं. पण दीड तास गावाने सांभाळला, उरलेल्या वेळात यंत्र उघडंच आहे. प्रत्येक गावाने भोंगा वाजवायचा आणि बनवणाऱ्याने काहीच बदलायचं नाही, हा न्याय नाही.

कायदा आपल्याकडेही झालाय. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराखालचा प्रत्येक जण मूल आहे. त्याच्या माहितीसाठी पालकांची खातरजमा केलेली संमती हवी, त्याच्यावर पाळत ठेवायची नाही, त्याला हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. दंड २०० कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण मुख्य कलमं लागू व्हायला तिथून अठरा महिने. संमतीचं हे कलम चांगलं आहे, पण ते पुन्हा आईबापाच्या अंगठ्यावर येऊन थांबतं. अंगठा तर माझ्या पणजोबाच्या बापानेही दिला असता, घरात दाणे नव्हते. आपोआप लागणारा व्हिडिओ, तळ नसलेलं पान, रात्रीच्या सूचना यांवर आपल्या कायद्यात थेट शब्द नाही. पट्ट्याला कुंपण अजून बाकी आहे.

तोवर घरात जमेल ते करू. मी पुतणीबरोबर बसून आपोआप लागणारी सोय बंद केली, रात्री नऊनंतरच्या सूचना बंद केल्या. ती सेटिंग सापडायला आम्हा दोघांना वीस मिनिटं लागली. चालू ठेवायला शून्य सेकंद आणि बंद करायला वीस मिनिटं, यातच सगळं आलं.

ग्रामसभेत, शाळेच्या पालकसभेत हा विषय काढा. आमदार-खासदार भेटले की रस्त्याबरोबर हेही विचारा. आणि आज रात्री पोराच्या हातात मोबाईल दिसला तर ओरडण्याआधी एकदा बघा, पुढचा व्हिडिओ त्याने लावलाय की आपोआप लागलाय. मी परवा ते न बघताच ओरडलो होतो.