तोंड मोकळे ठेवणारे वाद्य

मंडळी, शिवारातून गुराख्याची बासरी ऐकू आली की जीव हरखतो. पण बासरी ओठाला लागली की बोलणे थांबते. ज्याला गावाला चार खडे बोल सुनवायचे, त्याला तोंड मोकळे हवे. वऱ्हाडात हे काम खंजिरीने केले.

खंजिरी म्हणजे लाकडाचे लहानसे कडे. एका बाजूस चामडे, खाचांत धातूच्या चकत्या. एका हाती धरावी, दुसऱ्या हाताने वाजवावी आणि गावे. पेटी-तबला नसला तरी अडत नाही.

अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी ही खंजिरी हाती घेतली. अस्पृश्यता, व्यसने, अज्ञान यांवर ते सोप्या मराठी-हिंदीत गात. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर-आष्टीला उठाव झाला; त्याच वर्षी सरकारने महाराजांना पकडून नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवले. हाती शस्त्र नव्हते, खंजिरी होती! मग सरकार का भ्याले? जे एकटा माणूस बोलायला कचरतो, तेच तो भजनात शंभरांच्या सुरात म्हणतो, म्हणून.

महाराज १९६८ साली मोझरीला निवर्तले. पुढे अकोला जिल्ह्यातील सत्यपाल महाराजांनी एकट्याने सात खंजिऱ्या वाजवीत हुंडा आणि अंधश्रद्धेवर कीर्तने केली.

गुरुजी, भजनात आपण सारे ठेका धरतो. पण उद्या पाणवठ्यावर, पंगतीत तो ठेका आपल्या वागण्यात राहतो काय? मुलांना एवढे जरूर विचारा. आधी स्वतःला विचारा.