अमझेऱ्याच्या डब्यातील धारचा पैसा



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे त्या आपल्या गुरुजींनी मला इतिहास शिकविला; परंतु नाण्यांच्या छंदाची दीक्षा त्यांनी वर्गात दिली नाही. ती दिली शाळेच्या प्रयोगशाळेत, रसायनाच्या तराजूपुढे, १९६४ सालच्या एका शनिवारी. आज जे सांगणार आहे त्यात विद्वत्तेचा भाग थोडा आणि कबुलीजबाबाचा अधिक आहे. तो याच व्यासपीठावरून द्यावा असे पुष्कळ दिवस मनात होते.

माझे आजोळ अमझेऱ्याचे. आपल्यातील तरुण मंडळी अमका-झमका देवीच्या दर्शनापलीकडे या गावाची फारशी ओळख ठेवीत नसतील, म्हणून दोन शब्द सांगतो. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजीअप्पांनी याच परिसरात माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला. गिरधर बहादूर आणि दया बहादूर दोघेही रणांगणात पडले, आणि माळव्यात मराठ्यांचा पाय रोवला गेला. पुढे धारला व देवासला पवार स्थिरावले. अमझेऱ्याचे राठोड राजे शिंद्यांना खंडणी देऊन आपली गादी राखून होते. १८५७ च्या उठावात राजा बख्तावरसिंह इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदुरास त्यांना फाशी देण्यात आले. त्यांचे राज्य खालसा होऊन ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे गेले. म्हणजे अमझेरा धारच्या इतके जवळ असूनही १९४८ साली मध्यभारत राज्य होईपर्यंत ते ग्वाल्हेरचे गाव होते. ही एक गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी; पुढील सारे विवेचन तिच्यावर उभे आहे.

आजीच्या माजघरातील कोनाड्यात पितळेचा एक लहान डबा असे. तो तिच्या सासूबाईंचा. त्यात तीन तांब्याची नाणी होती. दोघांवर ग्वाल्हेरच्या माधवराव महाराजांचा मुखवटा होता. एकावर संवत १९७० आणि दुसऱ्यावर संवत १९७४, म्हणजे इसवी सन १९१३ व १९१७. तिसरे नाणे इतके झिजलेले होते की त्यावर स्त्रीचा चेहरा आहे एवढेच कळे. "राणीचा पैसा आहे तो, ने तुला हवा तर," असे म्हणून आजीने तिन्ही माझ्या हातावर ठेवली. मी लगोलग चिंच आणि राख घेऊन ती घासू लागलो. राणीचा पैसा निम्मा उजळला असेल तोच आजीने हाक मारली, आणि ते काम अर्धेच राहिले.

गुरुजींना नाणे दाखविले तेव्हा त्यांनी प्रथम माझी चिंच काढली. "झीज ही त्या नाण्याची कमाई आहे. हे ओरखडे मात्र तुझे," एवढेच ते म्हणाले. मग भिंगाखाली धरून त्यांनी अक्षरे लावली: एका बाजूस 'व्हिक्टोरिया एम्प्रेस', दुसऱ्या बाजूस किंमत पाव आणा, साल १८८७, आणि 'धार स्टेट'.

हे नाणे ब्रिटिश की संस्थानी, हा प्रश्न मला त्या वयात सुचला नाही. पण तोच खरा प्रश्न आहे. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखात एकच चलन केले. रुपया १८० ग्रेन वजनाचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि त्यात अकरा-बारांश शुद्ध चांदी. संस्थानांतून मात्र आपापल्या टांकसाळी चालूच राहिल्या. कोणाचा रुपया जड, कोणाचा हलका. तांब्याचे ढब्बू पैसे तर हातोड्याने ठोकलेले, वेडेवाकडे. गावोगावचे सराफ बट्टा घेऊन ते बदलून देत आणि त्यावर त्यांची घरे चालत. ही व्यवस्था मोडण्यासाठी १८७६ चा संस्थानी नाण्यांचा कायदा आला. संस्थानाने ठरावीक मुदतीपर्यंत आपली टांकसाळ बंद ठेवावी, धातू सरकारी टांकसाळीत पाठवावा आणि तेथून नाणी पाडून घ्यावीत. ती नाणी ब्रिटिश मुलखातही कायदेशीर चलन ठरत. अट एवढीच की वजन व कस सरकारी नाण्याचा असेल, आणि दर्शनी बाजूवर राणीचा मुखवटा असेल. १ जानेवारी १८७७ पासून ती सम्राज्ञी झाली होती, म्हणून अक्षरे 'एम्प्रेस'.

ही सवलत फार संस्थानिकांनी घेतली नाही. अलवारने १८७७ साली रुपया पाडून घेतला, बिकानेरने १८९२ मध्ये. बाकीची नावे आपल्या माळव्यातलीच आहेत: धार १८८७, देवास १८८८, आणि पुढे सातव्या एडवर्डच्या व पाचव्या जॉर्जच्या मुखवट्याची सैलाना, १९०८ व १९१२ ची. ग्वाल्हेरने हे केले नाही. शिंद्यांच्या पैशावर शिंदेच राहिले. धारने का केले याचे कारण व्यापारी सोय हे असेलच. परंतु त्या गादीचा अलीकडचा अनुभव विसरता येत नाही. १८५७ साली धारच्या किल्ल्याला इंग्रज फौजेने वेढा घातला, संस्थान जप्त झाले आणि १८६० मध्ये ते तिसऱ्या आनंदरावांना परत मिळाले. ज्या राजाने बालवयात आपले राज्य जाताना आणि परत येताना पाहिले, त्याने आपल्या पैशावर कोणाचा चेहरा चालवून घ्यावा याविषयी फार ताणून धरले नसावे, असे मला वाटते. हा माझा तर्क आहे. दप्तरातला पुरावा नव्हे.

देवासची गंमत निराळी. तेथे एकाच गावात दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. १८८८ साली दोघांनीही राणीची नाणी पाडून घेतली. राणी एक, साल एक, वजन एक; भेद काय तो 'एस. बी.' आणि 'जे. बी.' या दोन दोन अक्षरांचा, सीनियर आणि ज्युनिअर ब्रँच. नवशिका संग्राहक येथे हमखास फसतो. एकच नाणे दोनदा घेऊन बसतो. मीही बसलो आहे. धारने पाव आणा, अर्धा पैसा आणि पै अशी तीन नाणी पाडली. देवासच्या प्रत्येक पातीची दोनच, पाव आणा आणि पै.

आता छंदाकडे वळतो. नोकरी लागल्यावर मी रीतसर संग्राहक झालो. मेजर प्रिडमोर यांनी ब्रिटिश भारताच्या नाण्यांची सूची केली आहे. त्यांचे ग्रंथ १९७५ व १९८० साली आले आणि आम्हा लोकांचे ते पंचांगच झाले. नाण्याची प्रत ठरविण्याची पद्धत इंग्रजांकडून आली: फाईन, व्हेरी फाईन, एक्स्ट्रीमली फाईन, आणि जे बाजारात फिरलेच नाही ते अनसर्क्युलेटेड. अमेरिकेत शेल्डन नावाच्या गृहस्थाने १९४९ साली तेथील मोठ्या सेंटसाठी सत्तर गुणांची पट्टी काढली; आता प्लास्टिकच्या डबीत बंद केलेली नाणी त्या गुणांनी विकली जातात. पट्टी कोणतीही घ्या, पाहायचे तेच. मुखवट्याचे उंचवटे आधी झिजतात: कानावरचे केस, गाल, पोशाखावरची वेलबुट्टी. तेथे रेघा शाबूत असतील तर प्रत चांगली. तांब्याचा मूळ तांबूसपणा उरला असेल तर भाव चढतो. कळंक धरला असेल तर उतरतो. घासलेले असेल तर जाणता गिऱ्हाईक हातच लावीत नाही.

खरेदीतही डोळा लागतो. चांदीचा रुपया घेताना निदान वजन करावे. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच आहे, हे कित्येक घरांत ठाऊक नसते. १९११ च्या पाचव्या जॉर्जच्या रुपयावर राजाच्या पोशाखातला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गवगवा झाला आणि पुढल्या वर्षी चित्र सुधारले. म्हणून त्या सालाला मागणी. रामदरबाराचे चित्र, 'ईस्ट इंडिया कंपनी' अशी अक्षरे आणि १८१८ साल असलेली जी नाणी जत्रांतून लाखांच्या गोष्टी सांगून विकतात, ती कंपनीने कधीही पाडलेली नाहीत. देवघरात ठेवायची असल्यास खुशाल ठेवावीत, पण त्यांपायी कोणी शेत विकू नये. आणखी एक: शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, ते परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी हे मुद्दाम सांगतो.

असो. मूळ गोष्ट राहिली. त्या शनिवारी गुरुजींनी नाणे तराजूत घातले. पाव आण्याचे कायदेशीर वजन १०० ग्रेन, म्हणजे सुमारे ६.४८ ग्रॅम. आजीचा पैसा ५.९१ ग्रॅम भरला. अर्ध्या ग्रॅमहून अधिक तांबे लोकांच्या बोटांनी, कनवटीने आणि गल्ल्याने नेले होते. मग गुरुजींनी वहीचा कागद फाडून चिठ्ठी लिहिली: नाणे, साल, वजन, 'अमझेरा, आजीच्या सासूबाईंचा डबा', आणि खाली, 'सोबत ग्वाल्हेरचे दोन पैसे, संवत १९७० व १९७४.' मी विचारले, शेवटची ओळ कशाला? ते म्हणाले, "धारचा पैसा ग्वाल्हेरच्या गावात, ग्वाल्हेरच्या पैशांबरोबर, एका डब्यात. तो तेथे चालत होता की कोणी नुसता ठेवला होता? एका डब्यावरून सांगता येणार नाही. अमझेऱ्यातले आणखी दहा डबे पाहा आणि अशाच चिठ्ठ्या लिही."

मी एकही डबा पाहिला नाही. सुट्टीत आजोळी जात होतो. पाहणे अवघड नव्हते. पुढे संग्राहक झाल्यावर तर माझे लक्ष सूचीतील रिकाम्या जागांकडे लागले. १९८७ साली, म्हणजे त्या नाण्याला शंभर वर्षे पूर्ण झाली त्याच वर्षी, एका व्यापाऱ्याकडे धारचा पाव आणा दिसला, एक्स्ट्रीमली फाईन, केसांची रेघ न् रेघ स्पष्ट. पैसे थोडे कमी पडत होते. वरकड म्हणून मी आजीचा पैसा दिला. आमच्या भाषेत याला प्रत सुधारणे म्हणतात. व्यापाऱ्याने मला फसविले नाही. सौदा चोख होता. घासलेल्या, झिजलेल्या नाण्याचे त्याने जे दिले ते जास्तच होते.

नवे नाणे ६.४५ ग्रॅम भरते. ते कोठून आले हे मला ठाऊक नाही, व्यापाऱ्यालाही नव्हते. ते फारसे कोणाच्या हाती गेलेच नाही, म्हणून तर ते देखणे राहिले. धारच्या बाजारात त्याने मीठ घेतले की नाही, अमझेऱ्याच्या आठवडी बाजारापर्यंत ते गेले की नाही, हे त्याला विचारून उपयोग नाही. ज्याला विचारायचे ते माझ्या हातून गेले.

आजी गेल्यावर मी अमझेऱ्यास गेलो होतो. ओळखीच्या चार-पाच घरी डब्यांची चौकशी केली. बहुतेकांनी जुने तांबे मोडीत घातले होते; एका घरी नाणी होती, पण मुलाने निरनिराळ्या ठिकाणांहून जमवून एकत्र केलेली, चकचकीत घासलेली. तरीही मी चिठ्ठी लिहिली, वजने घेतली. धारचा पैसा त्यांत नव्हता. देवासच्या धाकट्या पातीची एक पै होती.

संवत १९७० व १९७४ चे ते दोन ग्वाल्हेरी पैसे माझ्याकडे अजून आहेत. त्यांना फारसा भाव नव्हता, म्हणून वाचले. ते, गुरुजींच्या हातची चिठ्ठी आणि तिसऱ्या नाण्याचे रिकामे पाकीट मी आज सोबत आणले आहे. धारचा सुंदर पैसा त्या पाकिटात घालावा असे कोणी सुचविले होते. तो मी वेगळ्या पाकिटात ठेविला आहे, आणि त्यावर 'स्थळ अज्ञात' असे लिहिले आहे. व्याख्यानानंतर सर्व वस्तू या टेबलावर असतील. भिंगही आहे. नाणी कडेने धरावीत, एवढी विनंती.