खुराडे, ढाबळ आणि पिंजरा : पाळीव पोपटाच्या इतिहासाची भाषिक साधने

कोंबडीसाठी मराठीत खुराडे आहे, कबुतरासाठी ढाबळ आहे. पोपटासाठी मात्र केवळ पिंजरा आहे. वरवर पाहता हा भेद आकाराचा किंवा सोयीचा वाटेल. वस्तुतः तो व्यवहाराचा आहे. खुराड्यात कोंबडी रवणास बसते, ढाबळीत कबुतरांची जोडी अंडी उबवून पिल्ले वाढविते. पिंजऱ्यात पोपट नुसता राहतो. पहिली दोन घरे पक्ष्यांच्या वंशवृद्धीची आहेत, तिसरे एकट्या जिवाच्या बंदिवासाचे आहे. ज्या पक्ष्यास आपल्या समाजाने दोन हजार वर्षांहून अधिक काळ लाडाने पाळले, त्याच्या विणीसाठी भाषेत घर नसावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. पोपट आपण पाळला, शिकविला, त्याला देवाचे नाव घ्यावयास लावले. परंतु आपल्या घरात त्याला वाढविले नाही. तो दर वेळी नव्याने अरण्यातून आणला गेला. या विधानास आधार देणारी काही साधने एकत्र करणे, आणि अलीकडे घडून आलेला बदल भाषेच्या अंगाने तपासणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विषयाकडे पाहण्यास नंदुरबार जिल्हा सोयीचा आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यापासून वेगळा झालेला हा प्रदेश तापीचे सपाट खोरे व सातपुड्याच्या रांगा यांनी मिळून बनला आहे. खोऱ्यात ज्वारी, मका आणि प्रसिद्ध अशी मिरची पिकते; डोंगरात जुन्या वृक्षांच्या ढोली आहेत. येथील शेतकरी हुरड्यावर उतरणारे पोपटांचे थवे गोफणीने हाकलतो, आणि याच पक्ष्याचे पिल्लू एके काळी घरोघर ‘राघू’ म्हणून भिजविलेली हरभऱ्याची डाळ व हिरवी मिरची खात असे. (मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांच्या जिभेस जाणवत नाही.) आज घरातून जो पक्षी दिसतो तो निराळा आहे. खोलीचा एक भाग जाळीने बंद केलेला, भिंतीलगत तोंडाशी भोक ठेवलेली मडकी टांगलेली, खाली राळे व बाजरीची वाटी, जाळीला अडकविलेला समुद्रफेनाचा तुकडा, आणि हिरव्या, पिवळ्या, निळ्या रंगांचे चिमुकले पक्षी. लोक त्यांना ‘लव्हबर्ड’ म्हणतात. हे दोन पक्षी पाळण्याच्या दोन भिन्न पद्धतींचे प्रतिनिधी आहेत.

प्रथम जुन्या पद्धतीचा विचार करू. कौटिलीय अर्थशास्त्रात राजगृहाच्या संरक्षणाच्या प्रकरणी शुक व सारिका यांचा उल्लेख आहे, तो सर्पविषाची शंका येताच ते ओरडतात म्हणून. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत ‘शुकसारिकाप्रलापन’ ही कला गणली आहे. ती पक्ष्यांना बोलावयास शिकविण्याची कला आहे. इराणी दरबारातील ग्रीक वैद्य क्तेसियस याने इ. स. पूर्व पाचव्या-चौथ्या शतकांच्या संधिकाळी हिंदुस्थानातील एका पक्ष्याचे वर्णन केले. हा पक्षी हिंदी लोकांची भाषा माणसासारखी बोलतो, आणि शिकविल्यास ग्रीकही बोलेल, असे तो सांगतो. तिन्ही ठिकाणी पक्ष्याचे महत्त्व त्याच्या आवाजात आहे. पक्ष्यांच्या जोड्या लावून संतती वाढविण्याचे कौशल्य या देशास अपरिचित होते असेही नव्हे. अकबराने कबुतरांच्या जातींचे संकर करविल्याचे अबुल फजलाने ‘ऐन-ए-अकबरी’त नोंदविले आहे. कौशल्य होते, ते कबुतरापाशी वापरले गेले. पोपटापासून संतती नको होती, वाणी हवी होती.

मग पिल्लू येई कोठून? याचे सर्वांत तपशीलवार उत्तर सातव्या शतकातील बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त आहे, आणि ते पोपटाच्याच मुखातून आले आहे. शूद्रक राजाच्या सभेत एक चांडालकन्या सोन्याच्या पिंजऱ्यातून वैशंपायन नावाचा शुक आणते. तो आपला वृत्तांत सांगतो : विंध्याटवीतील एका प्रचंड शाल्मलीवृक्षाच्या ढोलीत त्याचा जन्म झाला, एक वृद्ध शबर झाडावर चढला, ढोलीढोलींतून त्याने पिल्ले ओढून काढली व मारून खाली टाकली, पित्याने पिल्लास पंखांखाली घेतले, तो मारला गेला, आणि पिल्लू वाळल्या पानांच्या राशीत पडल्यामुळे वाचले. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. विंध्य व सातपुडा यांच्यामध्ये केवळ नर्मदा आहे. ज्या ग्रंथाच्या नावावरून मराठीने एका सबंध वाङ्मयप्रकारास ‘कादंबरी’ हे नाव दिले, त्याचा बहुतेक भाग ढोलीतून उचलल्या गेलेल्या पिल्लाच्या निवेदनाच्या चौकटीत आलेला आहे, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

या प्रसंगातील दोषाची वाटणीही पाहण्याजोगी आहे. ढोलीत हात घालणारा शबर क्रूर ठरतो; सोन्याचा पिंजरा ज्या सभेत मानाने ठेवला जातो, तिच्याकडे बोट जात नाही. भाषेनेही हीच वाटणी केली. हेमचंद्राने प्राकृत ‘पारद्धि’ हा शब्द ‘पापर्द्धि’पासून व्युत्पादिला आहे, त्यातूनच मराठीत पारध आणि पारधी हे शब्द आले. व्युत्पत्ती कशीही असो, पाप शब्दात बसविले गेले ते धरणाऱ्याच्या, पाळणाऱ्याच्या नव्हे. पुढे वसाहतकालीन कायद्याने तेच केले. १८७१ मध्ये आरंभ झालेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याच्या कक्षेत पारधी समाज आणला गेला. तो कायदा देशभर रद्द होण्यास १९५२ साल उजाडले. पिंजरा विकत घेणारा कोणत्याही यादीत नव्हता.

धरण्याच्या पद्धतीची मराठी साक्ष ज्ञानेश्वरीत (शके १२१२, इ. स. १२९०) आहे. सहाव्या अध्यायात शुकनलिकेचा दृष्टांत येतो. आडव्या दोरीत ओवलेल्या नळीवर पोपट बसला की त्याच्या भाराने नळी फिरते. तो उलटा लोंबू लागतो, आणि आपण बांधलो गेलो अशा समजुतीने नळी अधिकच घट्ट धरतो. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने हा दृष्टांत स्वकल्पित बंधनाचा आहे. इतिहासाच्या दृष्टीने तो तेराव्या शतकातील श्रोत्यांना हे साधन समजावून सांगावे लागत नव्हते याचा पुरावा आहे.

धरून आणलेल्या पक्ष्यास घरात मात्र प्रेमाचीच नावे मिळाली. ‘राघू’ हे राघवाचे घरगुती रूप. पोपटास हाक मारता मारता रामनाम मुखी आले आणि गणिका उद्धरली, ही कथा संतवाङ्मयात पुनःपुन्हा येते. जात्यावरच्या ओव्यांत ‘राघू’ म्हणजे लेक आणि ‘मैना’ म्हणजे मुलगी. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी उभ्या केलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहात या दोन शब्दांचा हा अर्थ सहज आढळतो. येथे एक विसंगती आहे. आईने आपल्या लेकास जे नाव दिले, ते आपल्या आईपासून तोडलेल्या पिल्लाचे होते. घरटे व त्यातील पिल्ले यांचे चित्र खानदेशाच्या कवितेत आले आहे, परंतु ते बहिणाबाई चौधरींच्या सुगरणीचे आहे. राघू साहित्यात येतो तो बहुधा घरट्यावाचूनच.

पिल्लूच का लागे, याचे कारण पक्ष्याच्या जीवनक्रमात आहे. आपला सामान्य पोपट हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत ढोलीत चार ते सहा अंडी घालतो. सुमारे तीन आठवड्यांनी पिल्ले निघतात आणि सहासात आठवडे ढोलीत राहतात. नराच्या गळ्यास कंठ येण्यास दोन-तीन वर्षे लागतात. एवढा काळ थांबून, जोडी जमवून, घरात ढोलीची सोय करण्यापेक्षा डोंगरातील ढोलीत हात घालणे सोपे होते. दुसरे कारण अधिक खोल आहे. पोपट बोलतो तो आपल्या थव्याशी संबंध राखण्यासाठी. थवा नसेल तर जो जवळ असेल त्याचे ध्वनी तो उचलतो. म्हणून बोलका पोपट हवा असेल तर तो लहान हवा आणि एकटा हवा. ‘पोपटपंची’ म्हणून आपण ज्या अर्थशून्य उच्चारास हसतो, तो पक्ष्याच्या दृष्टीने अर्थशून्य नाही. सोबत्यावाचून राहिलेल्या प्राण्याचा तो सोबत मागण्याचा प्रयत्न आहे. पिंजऱ्यात जोडी ठेवली असती तर पिल्लांची आशा होती, पण ‘विठू विठू’ ऐकू येण्याची शक्यता कमी झाली असती. खुराडे व ढाबळ यांच्या जोडीस पोपटासाठी तिसरा शब्द का निर्माण झाला नाही, याचे उत्तर मला येथे दिसते.

या व्यवहाराचा भार ढोलींवरही पडतो, कारण पिल्लांसाठी फांदी तोडली किंवा खोड फोडले की घर कायमचे जाते. पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादी जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने ‘स्ट्रे फेदर्स’ या ह्यूमच्या नियतकालिकात १८८० नंतरच्या लगतच्या वर्षांत प्रसिद्ध केली. त्याच प्रदेशात शहाद्याजवळ नोव्हेंबर १९९७ मध्ये रानपिंगळा हा शतकाहून अधिक काळ हरवलेला मानला गेलेला पक्षी पुन्हा सापडला. रानपिंगळाही ढोलीतच वीण करतो. पोपटाची ढोली ही अनेकांची ढोली आहे.

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने आणि त्यानंतर १९९०-९१ मध्ये देशी पक्ष्यांच्या व्यापारावर आलेल्या बंदीने जुन्या पद्धतीचा कायदेशीर आधार संपला. देशी पोपट धरणे, विकणे व पाळणे आज गुन्हा आहे. चोरटा व्यापार त्यामुळे थांबला असे नव्हे; परंतु उघड बाजारातील पिंजऱ्यात परदेशी पक्षी आला. त्यात प्रमुख ऑस्ट्रेलियातील बजरीगर होय. शॉ या प्राणिशास्त्रज्ञाने १८०५ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि जॉन गूल्डने १८४० मध्ये तो जिवंत इंग्लंडात नेला. त्याच्या नावाचे मूळ न्यू साउथ वेल्समधील गमिलराय भाषेतील ‘गिजिरिगा’ या शब्दात आहे. ‘बजेरी’ म्हणजे चांगले, यावरून सांगितली जाणारी व्युत्पत्ती लोकव्युत्पत्ती होय. मराठीत हा शब्द येताच ऐकणाऱ्यास बाजरीची आठवण व्हावी, आणि पक्षीही बाजरी खाणाराच असावा, हा योगायोग दुसऱ्या लोकव्युत्पत्तीस पुरेसा आहे.

हा पक्षी खोलीत का वाढतो? कोरड्या प्रदेशात भटकत राहून, पाऊस पडून गवताचे बी पिकले की मिळेल त्या ढोलीत वीण उरकण्याची त्याची मूळ सवय आहे. दाणा, पाणी आणि ढोली एवढे मिळाले की त्याचा ऋतू आला. मडके ही मानवनिर्मित ढोली. मादी दिवसाआड एक अशी चार ते सहा अंडी घालते व एकटी उबविते. नर तिला भरवितो. अठराव्या दिवसाच्या सुमारास पहिले पिल्लू निघते, व पाचव्या आठवड्यात ते मडक्याबाहेर येते. जोड्यांपेक्षा मडकी अधिक असावीत आणि ती एका उंचीवर टांगावीत, कारण उंच मडक्यासाठी माद्या भांडतात. दोन-तीन विणींनंतर मडकी काढून माद्यांना विसावा द्यावा. समुद्रफेनाचा चुना न मिळाल्यास अंडे अडकून मादी दगावते. नंदुरबारच्या चाळीस अंशांवरील उन्हाळ्यात बंद मडक्यातील पिल्ले उकाड्याने मरतात, म्हणून त्या दिवसांत वीण थांबविणेच इष्ट. या सर्व सूचनांत बोलणे शिकविण्याची एकही सूचना नाही. बजरीगरास बोलता येत नाही म्हणून नव्हे : गिनेसच्या नोंदीत ‘पक’ नावाच्या बजरीगरास १,७२८ शब्द येत होते. परंतु थव्यात वाढलेल्या पक्ष्यास माणसाच्या शब्दांची गरज उरत नाही.

‘लव्हबर्ड’ हे नाव वास्तविक आफ्रिकेतील निराळ्या पोपटांचे. ही चूक अर्थपूर्ण आहे : राघू हे एकट्याचे नाव होते, लव्हबर्ड हे जोडीचे आहे. रंगांच्या बाबतीतही असेच अंतर पडले. आपला ‘पोपटी’ हा रंगवाचक शब्द रानातील हिरव्या पक्ष्याची आठवण जपून आहे. जाळीतील पोपट निळा व पांढराही असतो. हिरवा रंग पिवळ्या रंगद्रव्याने व पिसांच्या रचनेतून येणाऱ्या निळाईने मिळून बनतो. रंगद्रव्याचा अभाव हा अप्रभावी गुण असल्याने दोन हिरव्या पक्ष्यांच्या पोटी निळे पिल्लू निघू शकते. यास कारणीभूत जनुक २०१७ मध्ये निश्चित झाले. असे ज्ञान पिढ्या वाढविणाऱ्यासच होते. पिल्लू धरून आणणाऱ्यास ते होणे शक्य नव्हते.

संकटग्रस्त जातींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात पोपटवर्गातील जवळजवळ सर्व जाती नियंत्रित आहेत; अवघ्या चार त्या याद्यांतून वगळल्या आहेत. बजरीगर, कॉकटील, गुलाबी मुखाचा खरा लव्हबर्ड, आणि चौथा आपला राघू. पहिले तीन आपल्या घरात विनाआक्षेप वाढतात. चौथ्यास आपल्या देशाच्या कायद्याने रानात राखले आहे. दीर्घ इतिहासाकडे पाहता ही वाटणी मला न्याय्य वाटते.

नवी पद्धत सर्वस्वी निर्दोष आहे असे म्हणता येणार नाही. जाळी ती जाळीच. परंतु तिच्यात प्रत्येक पक्ष्यामागे एक रिकामी ढोली नाही, हा भेद लहान नव्हे. या पद्धतीस मराठीने अजून स्वतःचा शब्द दिलेला नाही. उबविणे व रवण हे शब्द कोंबडीकडून उसने घेतले आहेत, ‘ब्रीडिंग’, ‘पेअर’ हे इंग्रजीतून. घरास कोणी ‘पक्षीघर’ म्हणतात, कोणी ‘एव्हिअरी’. नंदुरबार जिल्ह्यात अहिराणी, गुजरी, मावची, पावरी या बोली शेजारी नांदतात. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) भिली बोली व खानदेशी एकत्र आल्या आहेत. ढोली, पिल्लू, थवा, धरणे, उबविणे या अर्थांचे शब्द या बोलींतून पद्धतशीर गोळा करण्याचे काम आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे आहे. जे लोक ढोलीच्या सर्वांत जवळ राहिले, त्यांच्या बोलींत पोपटाचे घर पिंजऱ्याहून निराळ्या शब्दाने ओळखले जाते की नाही, हे त्यातून कळेल. आणि तसा शब्द मिळाला, तर तो प्रमाण मराठीने आदराने घ्यावा.