नवी मुंबईहून दोन रात्री किनाऱ्यावर : घर भाड्याचं, स्वयंपाक आपल्या हातचा

नवी मुंबई : शुक्रवारी संध्याकाळी वाशी, नेरूळ, खारघरहून निघालेल्या गाड्या पनवेल ओलांडून पेणच्या दिशेला लागतात, तेव्हा त्यातल्या निम्म्याअधिक अलिबाग, मुरूड नाहीतर श्रीवर्धनला चाललेल्या असतात. आता हॉटेलच्या खोलीपेक्षा स्वयंपाकघरासकट घर घेणारी कुटुंबं बरीच दिसतात. घरात लहान मूल असतं, आजी-आजोबांचं पथ्य असतं, शिवाय बंदरावरची ताजी मासळी आपल्या हाताने शिजवून खायची हौस असते. पण असा मुक्काम नीट ठरवला नाही तर अर्धी सुट्टी गॅस आणि पाणी शोधण्यात जाते. किनाऱ्याची माहिती नसली तर जिवावरही बेततं. म्हणून निघण्याआधी काय बघावं, काय विचारावं आणि काय बरोबर घ्यावं, याची ही माहिती.

कुठे जायचं, कसं जायचं

पनवेलहून पेण, वडखळमार्गे अलिबाग साधारण ६५ ते ७० किलोमीटर. तिथून चौल, रेवदंडा, कोर्लई करत काशीद ३० किलोमीटरच्या आसपास आणि मुरूड ५० किलोमीटरच्या आसपास. दोनच रात्री हातात असतील आणि बरोबर लहान मुलं असतील तर अलिबाग ते रेवदंडा हा पट्टा सोयीचा. नागाव, आक्षी, चौल इथे वाडीतली घरं मिळतात, बाजारही जवळ पडतो.

दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरला जायचं तर माणगाव, म्हसळा हा रस्ता. पनवेलहून श्रीवर्धनपर्यंत दीडशे किलोमीटरच्या घरात अंतर जातं. त्यामुळे शुक्रवारी रात्री उशिरा निघून पोचण्यापेक्षा शनिवारी पहाटे निघालेलं बरं, कारण घाटवळणाचा रस्ता अंधारात नवख्याला त्रास देतो. मुरूडकडून यायचं असेल तर आगरदांडा ते दिघी जंगलजेट्टी आहे. तीत गाडीसकट खाडी ओलांडता येते आणि मोठा वळसा वाचतो. शेवटची फेरी चुकली तर मात्र रात्रीच्या वेळी तो वळसा घ्यावाच लागतो.

गाडी नसलेल्यांसाठीही वाट आहे. नेरूळ-बेलापूरहून उरणपर्यंतची लोकल जानेवारी २०२४ पासून पूर्ण मार्गावर धावते. उरणला उतरून रिक्षाने करंजा, तिथून लाँचने रेवस आणि पुढे एसटीने अलिबाग, हा स्थानिक माणसांचा जुना रस्ता आहे. लाँचची वेळ आणि समुद्राची परिस्थिती त्याच दिवशी विचारूनच निघावं. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. नवी मुंबईकरांना मात्र त्यासाठी आधी मुंबईत शिरावं लागतं. जोडून सुट्ट्या आल्या आणि वडखळला गाड्यांच्या रांगा लागणार असतील, तेव्हाच हा फेरा परवडतो. पावसाळ्यात गेटवे-मांडवा प्रवासी बोटी आणि जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, हे धरूनच बेत आखावा.

घर ठरवताना विचारायचे प्रश्न

"किचन आहे" एवढ्यावर विश्वास ठेवू नये. काही ठिकाणी किचन म्हणजे नुसता ओटा आणि चहाची किटली असते. पैसे पाठवण्याआधी घरमालकाशी फोनवर बोलून या गोष्टी स्पष्ट कराव्यात.

गॅस-शेगडी आहे का, आणि सिलिंडर भरलेला आहे का. त्याचे पैसे वेगळे आहेत का. पातेली, कढई, तवा, पोळपाट-लाटणं, विळी किंवा सुरी, कालथा, मिक्सर यातलं काय आहे. फ्रीज चालू आहे का. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का. पिण्याचं पाणी कुठलं, नळाचं, विहिरीचं की जारचं. भांडी कोण घासणार.

मांसाहार चालतो का, हा प्रश्न तर आधी विचारावा. दिवेआगर, हरिहरेश्वर, श्रीवर्धनमध्ये अनेक घरं शाकाहारी आहेत. पापलेट पिशवीत घेऊन दारात उभं राहिल्यावर हा विषय निघाला तर दोन्ही बाजूंना अवघड होतं. काही मालक पाहुण्यांना स्वयंपाकघर देतच नाहीत, कारण त्यांची खरी कमाई जेवणावर असते. त्यांचंही बरोबर आहे. अशा वेळी एक मध्यम तोडगा निघतो. एक वेळचं जेवण मालकांकडे घ्यायचं, बाकी वेळा आपण रांधायचं. मग घरभाड्याची आणि जेवणाची घासाघीसही कमी होते.

बनावट जाहिरातींपासून सावध राहावं. फोटो एका बंगल्याचे आणि पत्ता भलताच, असे प्रकार घडतात. पूर्ण रक्कम आधी मागणारा, व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला टाळाटाळ करणारा आणि दर बाजारापेक्षा फारच कमी सांगणारा माणूस असेल तर थांबावं. पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत घराची नोंदणी आहे का, तेही विचारावं. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावं.

घरून काय न्यावं, गावात काय घ्यावं

शुक्रवारी रात्री पोचायचं आणि रविवारी दुपारी जेवून निघायचं असं धरलं, तर मोठी जेवणं तीन आणि न्याहाऱ्या दोन होतात. शुक्रवार रात्रीसाठी पोळ्या आणि सुकी भाजी घरूनच न्यावी. पोचल्यावर गॅस पेटवायची वेळ येऊ नये.

चार माणसांना तांदूळ एक किलो, भाकरीचं पीठ एक किलो, तूरडाळ पाव किलो, पोहे अर्धा किलो आणि तेल अर्धा लिटर पुरतं. बरोबर मीठ, हळद, घरचा मसाला, आमसुलं, आलं-लसूण, चहा-साखर, काडेपेटी, भांडी घासायचा साबण आणि दोन जुनी फडकी घ्यावीत. आपली एक धारदार सुरी नेलेली बरी, भाड्याच्या घरातली सुरी बोथटच असते. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला तीन लिटर धरलं तर चौघांना दोन दिवसांत वीस लिटरच्या जारपेक्षा थोडं जास्तच लागतं. रेल्वेने जाणाऱ्यांनी गॅस सिलिंडर किंवा रॉकेलचा स्टोव्ह बरोबर नेऊ नये, त्याला बंदी आहे.

बाकीचं सगळं गावात घ्यावं. नारळ, भाजी, दूध, अंडी, तांदळाच्या पापड्या, कोकम सरबत हे तिथेच मिळतं. उन्हाळ्याच्या तोंडावर अलिबागचा पांढरा कांदा रस्त्याच्या कडेला माळा करून विकायला असतो. या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. श्रीवर्धनची रोठा सुपारीही तिथूनच घेतलेली बरी.

यामागे चवीपलीकडचंही कारण आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं आणि अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन तालुक्यांतल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. माड किंवा पोफळ नव्याने लावली तर उत्पन्न यायला पाच-सात वर्षं जातात. मधल्या काळात अनेक घरांना पाहुण्यांचाच आधार होता. डाळ-तांदळापासून कोथिंबिरीपर्यंत सगळं नवी मुंबईतल्या मॉलमधून डिकीत भरून नेलं, तर गावाच्या वाट्याला फक्त गर्दी आणि कचरा येतो.

मासळी बाजारात

होड्या किनाऱ्याला लागतात त्या वेळी बाजारात ताजा माल असतो. ती वेळ गावागावात वेगळी, म्हणून आदल्या दिवशीच घरमालकांना विचारून ठेवावं. अलिबाग, रेवदंडा, मुरूडचा बाजार आहेच. दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला भरडखोल आणि जीवना बंदर या मासळीच्या जागा.

कल्ले लालभडक, डोळे चकचकीत आणि बोटाने दाबलं तर अंग परत वर येणारं, ही ताज्या मासळीची खूण. चिंबोरी उचलून बघावी, हाताला जड लागली तरच घ्यावी. कोळणीशी दर जरूर करावा, पण आधी दोन ठिकाणी भाव ऐकून मग बोलावं. "मावशी, साफ करून द्याल का" असं विचारलं तर थोडे पैसे जास्त घेऊन मासळी कापून मिळते. भाड्याच्या घरातलं मोरीचं काम त्यामुळे वाचतं. नवख्याने सुरमई, बांगडा किंवा कोळंबी घ्यावी. बोंबील, तिसऱ्या आणि जिताडा यांना सवयीचा हात लागतो.

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तो माशांच्या विणीचा काळ. त्या दिवसांत "ताजं पापलेट" म्हणून जे मिळतं ते बहुधा बर्फातलं असतं. तेव्हा सुकट, जवळा, सुके बोंबील घ्यावेत आणि भाकरीबरोबर खावेत.

थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुमारास गेलात तर पोपटी करता येते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मधोमध अंडी किंवा मसाला लावलेलं चिकन, पुन्हा शेंगा आणि पाल्याने तोंड बंद. मडकं उपडं ठेवून भोवती पालापाचोळा, गवत पेटवायचं. तेल नाही, पाणी नाही. अर्ध्या तासाच्या आसपास वास सुटतो. मात्र जाळ मालकांना विचारून, वाडीतल्या मोकळ्या जागेतच करावा. सुरूच्या बनात कधीच नको.

भरती-ओहोटी समजल्याशिवाय पाण्यात नाही

१ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं, दुपारची वेळ होती. थंडी-उन्हाळ्यात शांत दिसणारा समुद्रही माणूस ओढून नेतो, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं.

किनाऱ्यावरचे लोक तिथीवरून भरती काढतात. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची साधारण वेळ. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास पाणी पूर्ण भरतं. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला हीच भरती सहाच्या सुमारास येते, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या जरा आधी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून हा हिशोब अंदाजापुरता. त्या दिवसाची नक्की वेळ कोळीवाड्यात किंवा जीवरक्षकांना विचारावी.

पौर्णिमा-अमावास्येच्या दिवसांत उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा चढउतार कमी. कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटी हवी, पण भांगेच्या दिवसांत ओहोटीलाही वाटेत पाणी राहू शकतं. गेलात तर पाणी फिरण्याआधी परत निघावं. हरिहरेश्वरचा खडकावरचा प्रदक्षिणामार्ग भरतीच्या वेळी टाळावा. तिथे लाट कधी अंगावर येईल याचा नेम नसतो.

ओहोटीच्या वेळी पाणी आत ओढतं, तेव्हा पोहायला उतरू नये. दारू पिऊन किंवा जेवल्याजेवल्या पाण्यात जाऊ नये. अंधार पडल्यावर तर नाहीच. गाडी वाळूत घालू नये. ओल्या वाळूत चाकं रुततात आणि भरती कुणासाठी थांबत नाही. कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी घेण्याऐवजी दोर, ट्यूब, रिकामा पाण्याचा कॅन असं काही तरंगणारं फेकावं आणि आरडाओरडा करून कोळ्यांना, जीवरक्षकांना बोलवावं. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि समुद्रातल्या बचावासाठी तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक फोनमध्ये आधीच ठेवावेत.

निघताना

एप्रिल-मे महिन्यात किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांत पाण्याची ओढाताण असते. पाहुण्यांच्या अंघोळीचं पाणी त्याच विहिरीतून येतं, जिच्यावर मालकांची वाडी जगते. बादलीने अंघोळ आणि भांडी टबात धुणं एवढं केलं तरी बरंच पाणी वाचतं.

मासळीचा कचरा मोरीत किंवा पुळणीवर टाकू नये. कुठे पुरायचा ते मालक दाखवतात. प्लास्टिकच्या बाटल्या आणि पिशव्या गाडीतून परत नवी मुंबईत आणाव्यात. लहान ग्रामपंचायतींकडे महापालिकेसारखी कचऱ्याची व्यवस्था नसते. गॅसचं बटण बंद, ओटा पुसलेला, उरलेला शिधा मालकांना विचारून ठेवलेला आणि हिशोब चुकता, एवढं करून निघावं. अशा पाहुण्याचा नंबर मालक जपून ठेवतात, आणि पुढच्या वेळी जोडून सुट्ट्यांच्या गर्दीतही त्याच्यासाठी घर राखून ठेवतात.